कोकण-गोव्यात बाहेर जेवताना शाकाहारी माणसाला पडणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यात वाढले. आमच्या घरी आठवड्यातले चार-पाच दिवस मासे शिजत, आणि मी मात्र लहानपणापासून मासे खाल्ले नाहीत. त्यामुळे पुण्या-नाशिकाकडून, विदर्भातून किंवा गुजरातेतून सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याकडे निघालेले ओळखीचे लोक जेवणाविषयीचे प्रश्न मला आवर्जून विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ज्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकणात आणि गोव्यात शाकाहारी माणसाची खरोखर सोय होते का, की वडापाव आणि बिस्किटांवर दिवस काढावे लागतात?

सोय होते, आणि चांगली होते. या किनाऱ्यावर मासे रोजचे असले, तरी सणवार, सोमवार, श्रावण, चतुर्थी आणि देवाचा नैवेद्य यांमुळे बिनमाशांच्या स्वयंपाकाची परंपराही तितकीच जुनी आणि समृद्ध आहे. अडचण अशी की हॉटेलांच्या पाटीवर आणि मेनूकार्डावर तो स्वयंपाक क्वचितच दिसतो. पाटीवर सुरमई, बांगडा, कोळंबी असते, आणि शाकाहारी रकान्यात पनीर, मिक्स व्हेज आणि दाल फ्राय एवढेच लिहिलेले असते. चांगले शाकाहारी जेवण मिळवायचे असेल, तर ते नावाने मागावे लागते आणि बहुतेक वेळा आधी सांगून ठेवावे लागते. काय मागावे ते प्रश्न ५ आणि ७ मध्ये, आणि कसे मागावे ते प्रश्न ३ मध्ये सांगितले आहे.

२. तिकडे लोक 'शिवराक' म्हणतात, ते म्हणजे नक्की काय?

मालवणी आणि कोंकणी बोलणारी माणसे ज्या जेवणात मासे, मटण, कोंबडी आणि अंडी नाहीत त्याला शिवराक म्हणतात. 'आज आमचे शिवराक आहे' याचा अर्थ आज वार किंवा सण पाळला जात आहे, असा होतो. म्हणून हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर घरच्या सोमवारचे ताट उभे राहते, आणि त्या ताटात सुकटीचा, म्हणजे सुक्या बारीक मासळीचा, कणही चालत नाही हे त्याला वेगळे समजावावे लागत नाही. 'व्हेज' या शब्दाने नेमके हेच साधत नाही, म्हणून हा एक शब्द तरी लक्षात ठेवून यावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

३. हॉटेलात शिरल्यावर "व्हेज आहे का?" एवढे विचारणे पुरेसे नाही का?

नाही. 'व्हेज' या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सवयीप्रमाणे लावतो. किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांच्या लेखी 'नॉनव्हेज' म्हणजे मटण आणि कोंबडी, मासा हा रोजच्या जेवणाचा भाग, आणि सुकी मासळी ही तर मीठ-मिरचीसारखी चवीपुरती घालायची वस्तू. त्यामुळे "यात नॉनव्हेज नाही ना?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर मिळूनही भाजीत चार सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, निघू शकतात. अशा वेळी समोरच्याने फसवले असे मानू नये, कारण प्रश्नच अपुरा होता.

विचारण्याची माझी पद्धत अशी आहे. प्रथम "आज शिवराक काय आसा?" असे विचारावे, गोव्यात "शिवराक कितें आसा?" म्हटले तर अधिक नीट पोहोचते. मग जो पदार्थ मागवायचा असेल त्याविषयी थेट वस्तूचे नाव घेऊन विचारावे: "यात सुकट, जवळा किंवा सोडे घातले आहेत का?" गोव्यात हाच प्रश्न "सुकीं सुंगटां घाल्यांत काय?" असा होतो; सुंगटां म्हणजे कोळंबी. शेवटी एकच वाक्य जोडावे, की मी मासेही खात नाही आणि माशांच्या कालवणाचा रसही मला चालत नाही. रसाचा उल्लेख अनावश्यक वाटेल, पण काही ठिकाणी मासा बाजूला काढून त्याचेच कालवण भातावर वाढणे ही शाकाहारी पाहुण्याची सोय समजली जाते.

शक्य असेल तर हे प्रश्न वाढणाऱ्या मुलाला न विचारता गल्ल्यावर बसलेल्या मालकांना किंवा स्वयंपाक करणाऱ्या काकूंना विचारावेत. भाजीत काय पडले आहे, हे ज्याने फोडणी दिली त्यालाच पक्के माहीत असते.

४. भाजीत सुकी मासळी घालतात हे खरे आहे का? कोणत्या भाज्यांबाबत सावध राहावे?

खरे आहे, आणि त्यात लपवाछपवी नाही. ती इथली पाककृतीच आहे. वांगी, वालपापडी, शेवग्याच्या शेंगा, फणसाच्या आठळ्या आणि दुधी यांच्याशी सुकट, जवळा किंवा सोडे यांची जोडी जुनी आहे. गोव्यात भेंडी आणि तांबडी भाजी यांतही कोळंबी पडते. यांपैकी कोणतीही भाजी दिसली की प्रश्न ३ मधला प्रश्न विचारावाच.

भाजीपेक्षा मोठा धोका मला चटणीत वाटतो. ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेली कोरडी, लालसर चटणी सुक्या खोबऱ्याची आहे की जवळ्याची, हे केवळ पाहून ओळखता येत नाही. देशावरचे पाहुणे 'जवळ्याची' हा शब्द 'जवसाची' असा ऐकतात आणि निश्चिंतपणे तोंडात टाकतात. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी; तोच वाळवलेला असला की गोव्यात त्याला गालमो म्हणतात. गोव्यातल्या थाळीतली किसमूर ही खोबरे घातलेली कोशिंबीरही बहुधा सुक्या सुंगटांची किंवा सुक्या मासळीची असते. कारल्याची किसमूर पूर्ण शाकाहारी असते, पण तसे विचारल्याखेरीज गृहीत धरू नये.

उलट दिशेचा गैरसमजही होतो. तिरफळ नावाचे एक लहान, तीव्र वासाचे फळ बांगड्याच्या कालवणात घालतात आणि तेच खतखते या पूर्ण शाकाहारी पदार्थातही घालतात. तो वास ज्याने केवळ बांगड्याबरोबर अनुभवला आहे, त्याला खतखते समोर आल्यावर मासा असल्याची शंका येते. ती शंका निराधार असते. मालवणी मसाल्याविषयीही असेच: तो केवळ मिरची, धणे आणि गरम मसाल्यांची पूड आहे, त्यात मासळी नसते.

५. मालवणी हॉटेलात शाकाहारी माणसाने नेमके काय मागवावे?

पनीर मागवू नये, हे पहिले. पनीर वाईट म्हणून नव्हे, तर ते इथल्या स्वयंपाकाचे नाही, तयार ग्रेव्हीत बुडवून दिले जाते, आणि ते खाऊन परतलेला माणूस कोकणात शाकाहारींचे हाल होतात असे सांगत फिरतो, म्हणून.

सर्वांत आधी काळ्या वाटाण्याचे सांबार विचारावे. भाजलेल्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटप लावलेला हा दाट रस्सा आंबोळीबरोबर किंवा वड्यांबरोबर खातात. 'कोंबडी-वडे' या जोडनावामुळे वड्यांतच कोंबडी असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वडे तांदळाच्या आणि डाळींच्या पिठाचे असतात, आणि काळ्या वाटाण्याशी त्यांचे जमते ते कोंबडीइतकेच चांगले. मात्र वडे कोणत्या तेलात तळले जातात याचा विचार करणाऱ्यांनी प्रश्न १० पाहावा.

साधारण फेब्रुवारी ते मे या काळात ओल्या काजूगरांची उसळ मिळते. ओला काजूगर मऊ आणि किंचित गोड असतो. तो हाताने सोलावा लागतो आणि सोलताना चिकाने बोटे भाजतात, त्यामुळे ही उसळ स्वस्त नसते. भाव पाहून मागे हटू नये. हंगाम सरल्यावर सुके काजू भिजवून केलेली उसळ त्याच नावाने मिळते. ती चांगली असते, पण ओल्या काजूगरांची सर तिला नाही. याच सुमारास कोवळ्या फणसाची भाजी, म्हणजे कुयरीची भाजी, मिळते. पावसाळ्यात टाकळा, अळूचे फतफते आणि रानातली अळंबी येते. केळफुलाची भाजीही विचारून पाहावी.

बारमाही आणि सर्वांत भरवशाचा पदार्थ म्हणजे कुळथाची पिठी, म्हणजे कुळथाच्या पिठाचे पातळ पिठले. मेनूकार्डावर ती सहसा नसते, कारण ती घरचे साधे खाणे मानली जाते. पण कुळथाचे पीठ जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असते आणि पिठी वीस मिनिटांत होते. गरम पिठी, भात किंवा तांदळाची भाकरी, बरोबर लोणचे आणि भाजलेला पापड, एवढे मिळाले तर मला दुसरे काही लागत नाही. काही वर्षांपूर्वी मालवणजवळच्या एका खानावळीत माझ्या ताटातल्या वांग्याच्या भाजीत सोडे निघाले. चालवणाऱ्या मावशींना ते कळताच त्यांनी ताट उचलले, नवे ताट मांडले आणि पिठी करून आणली. पैसे घ्यायलाही त्या तयार नव्हत्या. तेव्हापासून कोठेही अडले की मी निःसंकोचपणे पिठी मागते, आणि आजवर ती मला नाकारली गेलेली नाही.

न्याहारीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि गुळाचा नारळरस मागावा. जेवणानंतर सोलकढी घ्यावी. ती नारळाचे दूध आणि कोकमाची असते.

६. गोव्यात सकाळी नाश्त्याला शाकाहारी काय मिळते?

या एका बाबतीत गोवा शाकाहारी माणसाला फार उदार आहे. शहरांत आणि गावांत चहाच्या हॉटेलांत सकाळी भाजी-पाव मिळतो, आणि तो मुंबईच्या पावभाजीपेक्षा सर्वस्वी वेगळा असतो. पातळ भाजी म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातला वाटाण्याचा किंवा अळसांद्यांचा (चवळीसारख्या कडधान्याचा) रस्सा, सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, आणि दोन्ही एकत्र हवी असल्यास मिक्स म्हणावे. जोडीला मिरची भजी आणि पिकलेल्या केळ्याचे गोडसर बन्स असतात. पणजीतले काफे टाटो आणि काफे भोसले ही नावे भाजी-पावासाठी पिढ्यान्पिढ्या घेतली जातात, पण तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत सकाळी आठला गर्दी असलेले हॉटेल निवडले तरी निराशा होत नाही. भाजी सकाळी उशिरापर्यंत उरतेच असे नाही, त्यामुळे लवकर जावे.

पावाऐवजी पोई मिळाली तर जरूर घ्यावी. कोंडा असलेली ही गोल, पोकळ भाकरीसारखी पावाची जात अंडी किंवा दूध न घालता केली जाते.

७. गोव्यातल्या जेवणात कोणती नावे निर्धास्तपणे मागवावीत आणि कोणती नावे फसवी आहेत?

खतखते, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांचे खोबरे घातलेले कालवण) आणि पिकलेल्या आंब्याचे सासव ही निर्धास्त नावे. खतखते हे कंद, शेंगा, मका, तूरडाळ आणि खोबरे घालून केलेले सणाचे कालवण आहे आणि त्यात मासा पडत नाही. तोंडाक हा भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा साधारणतः अळसांदे, वाटाणे किंवा अळंबी यांचा असतो, म्हणजे शाकाहारीच.

फसवी नावे तीन-चार आहेत. उडदामेथी अंबाड्यांची किंवा आंब्याची असते, तशीच बांगड्याचीही असते. मेनूवर नुसते 'उडदामेथी' लिहिले असेल तर ती बांगड्याची निघण्याचा संभव अधिक. शागोती हे वाटपाचे नाव आहे. कोंबडीची शागोती प्रसिद्ध असली तरी अळंबीची शागोतीही करतात. 'सुके' म्हटले की भाजी सुकी असेल असे वाटते, पण तिसऱ्यांचे सुके म्हणजे शिंपल्यांचे. आणि हुमण हे माशांच्या कालवणाचे नाव असल्यामुळे थाळी मागवताना "हुमण नाका" असे सांगून ठेवावे, नाहीतर ते भातावर आपोआप वाढले जाते.

८. मी अंडी खातो पण मांस-मासे खात नाही. मग गोव्याच्या गाड्यांवरचे रस ऑम्लेट मला चालेल ना?

बहुतेक गाड्यांवर चालणार नाही. ऑम्लेटवर ओतला जाणारा तो रस सामान्यतः कोंबडीच्या शागोतीचा असतो, आणि वाढताना कोंबडीचे तुकडे दिसत नाहीत म्हणून लोकांची गफलत होते. काही गाडीवाले चण्याचा किंवा अळंबीचा रस वेगळा ठेवतात, तेव्हा आधी विचारावे. तो नसेल तर नुसते ऑम्लेट-पाव घ्यावे.

अंडी खाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. 'शिवराक' म्हटले की अंडेही वगळले जाते, आणि भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही अंडे मांसाहारात मोडते. त्यामुळे आपल्याला अंडे चालते हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

९. बेबिंका, दोदोल, उकडीचे मोदक यांपैकी काय शाकाहारी आहे?

बेबिंकात अंड्यांचा बलक भरपूर असतो. थरांचा तो मऊपणा बलकामुळेच येतो. बोलिन्हास या खोबऱ्याच्या बिस्किटांतही अंडे असते, आणि नाताळातला बातिक हा रव्याचा केकही अंड्याचाच. याउलट दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ यांचे असते, पेराद म्हणजे पेरूची वडी, आणि नेवऱ्या म्हणजे करंज्या. या तिन्ही गोष्टी अंडे न खाणाऱ्यांना चालतात. उकडीचे मोदक, पातोळ्या, खापरोळी आणि मालवणी खाजे यांविषयी कसलीही शंका बाळगण्याचे कारण नाही.

१०. एकाच स्वयंपाकघरात मासे आणि भाज्या होतात. तवा, तेल आणि झारा वेगळे असतात का?

लहान खानावळींत सहसा नसतात, आणि याविषयी गोड बोलून दिलेल्या आश्वासनावर मी विसंबत नाही. ज्या कढईत कोळंबी तळली तिच्यातच भजी पडतात, ज्या तव्यावर सुरमई भाजली तो पुसून त्यावर घावणा घातला जातो. ज्यांना एवढे चालते त्यांनी खुशाल जेवावे. ज्यांना चालत नाही त्यांनी तळलेले आणि तव्यावरचे पदार्थ टाळून पातेल्यात शिजलेले मागावेत. पिठी, उसळ, वरण, भात, सोलकढी यांची भांडी बहुधा वेगळीच असतात. सकाळी लवकर, मासे यायच्या आधी, केलेले घावणे हाही एक मार्ग आहे.

ज्यांना वासही सहन होत नाही किंवा ज्यांच्या आचारात वेगळे स्वयंपाकघर आवश्यक आहे, त्यांनी मिश्र हॉटेलात तडजोड करत बसू नये. पूर्ण शाकाहारी उडुपी हॉटेले पणजी, मडगाव, म्हापसा, सावंतवाडी, रत्नागिरी अशा गावांत आहेत. मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा यांसारख्या मोठ्या देवस्थानांजवळ शाकाहारी उपाहारगृहे असतात, आणि गणपतीपुळ्याला मंदिराच्या परिसरातल्या घरगुती भोजनालयांत शाकाहारी थाळी आणि मोदक सहज मिळतात.

११. मेनूकार्डावर हिरवा ठिपका असला म्हणजे काळजी मिटली का?

पुष्कळशी मिटते, पूर्ण नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी मांसाहारालाही तपकिरी ठिपकाच असे, आणि जुन्या कार्डांवर तो अजून दिसतो. ही खूण पदार्थात काय घातले आहे ते सांगते. तो पदार्थ कोणत्या कढईत तळला गेला हे ती सांगत नाही. शिवाय लहान खानावळीत मेनूकार्डच नसते, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते. तेथे विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

१२. आम्ही कांदा-लसूण खात नाही, घरातले काही जण जैन आहेत. आमचे कसे व्हायचे?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या सांगाव्यात. कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक इथे नैवेद्याचा म्हणून सर्वांना माहीत आहे, तेव्हा "नैवेद्याला करता तसे" असे सांगितले की काम होते. खतखते, मुगागाठी, वरण, काकडीची कोशिंबीर या पदार्थांना कांदा-लसूण मुळातच लागत नाही. काळ्या वाटाण्याच्या सांबारात वाटपातला कांदा असतो, आणि सोलकढीत बहुतेक ठिकाणी लसूण ठेचून घालतात. लसणीशिवायची सोलकढी आधी सांगितल्यास मिळते.

जैन पाहुण्यांसाठी मात्र खतखते चालणार नाही, कारण त्यात सुरण, रताळी, मुळा असे कंदच मुख्य असतात. 'नैवेद्याचे' म्हणून सांगितल्यावर स्वयंपाक करणारी व्यक्ती नेमके तेच मोठ्या प्रेमाने करून ठेवते आणि दोन्ही बाजूंना वाईट वाटते, हे मी पाहिले आहे. म्हणून जमिनीखाली होणारे काहीही नको, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मूग, चवळी, कच्ची केळी आणि दुधी यांवर उत्तम जेवण होऊ शकते.

१३. दूध-तूपही वर्ज्य असेल तर?

मग हा किनारा फार सोपा आहे, कारण इथे दुधाचे काम नारळ करतो. पिठी, उसळी, सोलकढी, शिरवाळ्यांचा रस, दोदोल हे सारे दुधाशिवायच होते. वरून सोडले जाणारे तूप आणि थाळीतले ताक एवढेच नाकारावे लागते.

१४. उपवासाचे काय?

साबुदाण्याची खिचडी उडुपी हॉटेलांत आणि बसस्थानकांजवळ मिळते. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावी. शहाळे कोठेही मिळते.

१५. शाकाहारी जेवणासाठी कोणता काळ चांगला? पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा आपली सोय होईल का?

असे वाटणे साहजिक आहे, पण घडते ते नेमके उलट. यांत्रिक नौकांना साधारणतः १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते, आणि ताजा मासा कमी झाला की साठवलेली सुकी मासळी बाहेर निघते. गोव्यात पावसाळ्यासाठी केलेल्या या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. त्यामुळे जून-जुलैमध्ये भाजीत सुकट असण्याचा संभव वर्षातला सर्वाधिक असतो. या दिवसांत प्रश्न ४ मधली खबरदारी दुपटीने घ्यावी.

श्रावण सुरू झाला की चित्र पालटते. एरवी माशांसाठी प्रसिद्ध असलेली हॉटेलेही श्रावणात शिवराक थाळी लावतात, आणि रानभाज्या, अळू, अळंबी हे सारे त्याच सुमारास येते. मला विचाराल तर शाकाहारी माणसाने या बाजूला एकदा तरी श्रावणात यावे. वर्षभरात सोमवारीही अशी थाळी मिळण्याची शक्यता अधिक असते.

गणेशचतुर्थीच्या दिवसांत घराघरांत उत्तम शाकाहारी स्वयंपाक असतो, पण मालक आणि कामगार आपापल्या गावी गेल्यामुळे अनेक हॉटेले बंद राहतात. कोणाच्या घरी आमंत्रण असेल तर आनंदाने जावे; नसेल तर राहण्याच्या ठिकाणीच जेवणाची व्यवस्था पक्की करून निघावे. गौरीच्या वेळी काही घरांत तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य असतो, हेही ध्यानात असू द्यावे. गणपतीचे घर म्हणजे दहाही दिवस शाकाहार, हे गृहीतक सगळीकडे लागू पडत नाही.

१६. आमच्या गटात आठ जण मासे खाणारे आणि आम्ही दोघेच शाकाहारी आहोत. सगळ्यांना एकत्र जेवता येईल असे काय करावे?

सकाळी दहाच्या सुमारास खानावळीला फोन करून दोन शिवराक थाळ्या सांगाव्यात. एवढ्याने बहुतेक प्रश्न सुटतात. दुपारी दोनला न सांगता पोहोचल्यावर मासे शिल्लक असतात, भाजी संपलेली असते, आणि मग माशांच्या थाळीतून मासा वजा करून तीच पुढे केली जाते. त्या ताटात उरते काय, तर भात, पोळी, किसमूर आणि हुमण. म्हणजे प्रत्यक्षात भात आणि पोळी.

एक सूचना मासे खाणाऱ्या मित्रांसाठी आहे. तुमचा शाकाहारी सोबती "माझे काय, मी काहीही खाईन" असे संकोचाने म्हणतो, तेव्हा त्याचे ते म्हणणे खरे मानू नका आणि त्याच्यासाठी फोन तुम्ही करा.

१७. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये चिनी किंवा थाई पदार्थ मागवणे सुरक्षित आहे का?

थाई करीच्या तयार वाटणात बहुधा कोळंबी असते आणि अनेक थाई पदार्थांत माशांचा सॉस घालतात. चिनी पदार्थांत ऑयस्टर सॉस आणि सूपसाठी कोंबडीचे पाणी यांची शक्यता असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सहसा अँकोव्ही नावाचे मासे येतात. नानच्या कणकेत अंडे घालतात की नाही, हे प्रत्येक हॉटेलागणिक बदलते. या प्रत्येकाविषयी विचारता येते, पण शॅकमधला आचारी घाईत असतो आणि बाटलीतला सॉस कशाचा आहे हे त्याने वाचलेले असतेच असे नाही. तेथे तंदुरी रोटी, डाळ, जिरा बटाटा असे साधे जेवण घ्यावे.

१८. होमस्टेमध्ये उतरणार आहोत. आधी काय सांगून ठेवावे?

राहण्याची नोंदणी करतानाच तीन गोष्टी सांगाव्यात: किती जण शिवराक आहेत, अंडे चालते की नाही, आणि कांदा-लसूण किंवा कंद यांचे काही बंधन आहे का. मग आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचे जेवण सांगावे, कारण काळे वाटाणे भिजत घालावे लागतात आणि आंबोळीचे पीठ आंबावे लागते. येथे "तुम्ही घरी सोमवारी काय करता, तेच आम्हाला द्या" असे सांगण्याने जे जेवण मिळते, ते कोणत्याही मेनूकार्डावर सापडत नाही.

१९. इतके करूनही ताटात मासा किंवा मांस आले तर काय करावे?

घास थांबवावा आणि शांतपणे मालकांना बोलावून दाखवावे. लहान खानावळीत अशी गोष्ट बहुतेक वेळा प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या गैरसमजातून घडलेली असते, आणि तेथे ताट बदलून घेणे एवढेच न्याय्य वाटते.

मात्र शाकाहारी म्हणून छापलेला किंवा हिरवी खूण असलेला पदार्थ मांसाहारी निघाला आणि हॉटेल जबाबदारी नाकारत असेल, तर तो साधा गैरसमज राहत नाही. बिल मागून घ्यावे, पदार्थाचे आणि मेनूकार्डाचे छायाचित्र काढावे, आणि भिंतीवर किंवा बिलावर असलेला अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक टिपून घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार करता येते. पुढे जायचे असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी वकील देणे सक्तीचे नाही. बिल हातात नसेल तर यातले काहीही अवघड होऊन बसते, म्हणून वादावादीच्या भरात बिल न घेता उठून जाऊ नये.